तान्ह्या बाळाच्या पोटातला गॅस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बाळंतिणींना स्तनपानाबद्दल सल्ला देते. पण मला येणारे निम्मे प्रश्न दुधाबद्दलचे नसतात, ते पोटाबद्दलचे असतात, आणि त्यातले बरेच रात्री उशिरा, बाळ खांद्यावर घेऊन लिहिलेले असतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुम्ही घाईत असाल आणि बाळाचं काहीतरी वेगळंच वाटत असेल, तर आधी प्रश्न १६ वाचा.

१. बाळाच्या पोटात गॅस झालाय हे ओळखायचं कसं?

बाळ पाय पोटाशी ओढून घेतं, मुठी आवळतं, चेहरा लाल होतो, पोट जरा टणक लागतं आणि वारा सरला की थोडा वेळ शांत होतं. एवढं दिसलं की घरातलं कुणीतरी ‘गॅस झालाय’ म्हणतं. गंमत अशी की भूक लागलेलं, झोप अनावर झालेलं किंवा लंगोट ओला झालेलं बाळही रडताना हेच सगळं करतं, कारण जोरात रडणाऱ्या प्रत्येक तान्ह्या बाळाचं पोट आवळतं आणि पाय वर येतात. म्हणून पाय वर घेतले एवढ्यावरून गॅस ठरवू नका. पाजून, लंगोट बदलून आणि जवळ घेऊन बघा. त्यानंतरही कुंथणं चालू असेल तर पोटाचा विचार करा.

२. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाला गॅस होतोच कसा?

पिताना आणि रडताना बाळ हवा गिळतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे दुधातली साखर आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. तो तुमच्या-माझ्या पोटातही होतो. फरक इतकाच की बाळाच्या आतड्याची हालचाल अजून लयीत बसलेली नसते, आणि ते दिवसभर आडवं असतं, त्यामुळे वारा पुढे सरकायला वेळ लागतो. हा आजार नाही आणि तुमच्या दुधातला दोषही नाही. पुष्कळदा क्रम उलटा असतो: गॅसमुळे बाळ रडत नाही, तर खूप रडल्यामुळे हवा पोटात जाते आणि मग वारा सरतो. म्हणून रडणं लवकर थांबवणं हाच गॅसवरचा निम्मा उपाय आहे.

३. रोज संध्याकाळी सात वाजले की बाळ किंचाळून रडतं, दहापर्यंत थांबतच नाही. दिवसभर मात्र छान असतं. काय होतंय?

याला डॉक्टर कोलिक म्हणतात. १९५४ साली वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तीनाची व्याख्या मांडली, ती अजून सांगितली जाते: बाळ निरोगी आहे, वजन वाढतंय, तरी दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडतंय. आता डॉक्टर तीन आठवडे मोजत थांबत नाहीत. हे रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन ते चार महिन्यांत बहुतेक बाळांचं आपोआप ओसरतं. त्याचं नेमकं एक कारण सापडलेलं नाही, आणि ते केवळ पोटाचंच दुखणं आहे असंही सिद्ध झालेलं नाही.

घरात याच वेळी ‘दृष्ट लागली’, ‘दूध पुरत नाही’, ‘आईनं काहीतरी खाल्लं’ असे निष्कर्ष निघतात. दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरत नाही, लघवी आणि वजनावरून ठरतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, जन्माचं वजन दोन आठवड्यांच्या आसपास भरून आलं असेल आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरतंय. संध्याकाळच्या रडण्याला घाबरून वरचं दूध सुरू केलेल्या कितीतरी आया माझ्याकडे येतात. अंगावरचं दूध मग खरंच कमी होतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

४. आत्ता, या क्षणी बाळ रडतंय. काय करू?

आधी अंगावर घ्या. बाळाला सरळ उभं धरून छातीला टेकवा, शक्य असेल तर मध्ये कपडा न ठेवता, आणि घरभर सावकाश चाला. बसून थोपटण्यापेक्षा चालण्याने बाळं लवकर शांत होतात.

तेवढ्याने भागलं नाही तर बाळाला हाताच्या पुढच्या भागावर पालथं घ्या: डोकं तुमच्या कोपराच्या वळणात, पोट हातावर, तुमचा तळवा त्याच्या मांडीखाली. पोटावर येणारा हलका दाब आणि हाताची ऊब बऱ्याच बाळांना आवडते. बाबांचे हात लांब असतात, त्यांना हे छान जमतं. हे काम त्यांच्याकडेच द्या म्हणजे तुम्हाला जेवता येईल.

बाळ जरा शांत असताना त्याला उताणं ठेवून पाय सायकलसारखे हलवा, मग दोन्ही गुडघे हळूच पोटाशी नेऊन काही क्षण धरा. पोटावरून हात फिरवायचा तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे तुम्ही समोर बसलात तर तुमच्या डावीकडून वर जाऊन उजवीकडे उतरत, कारण मोठं आतडं त्याच वळणाने जातं. दाब इतकाच की नखाखालचा रंग बदलू नये. पाजल्यावर लगेच हे करू नका, दूध वर येईल.

गोंगाट आणि दिवे कमी करा. एकसुरी आवाज, मग ती अंगाई असो की पंख्याची घरघर, उपयोगी पडतो. दर दोन मिनिटांनी नवा उपाय करू नका. एक पद्धत दहा मिनिटं तरी चालू ठेवा. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारं बाळ जास्त चिडतं.

५. ढेकर काढायलाच हवा का? आमच्या बाळाचा निघतच नाही.

बाळाला खांद्यावर किंवा मांडीवर बसवून, हनुवटीला आधार देऊन, पाठ खालून वर चोळा किंवा हलक्या हाताने थोपटा. दहा मिनिटांत निघाला तर ठीक, नाही तर सोडून द्या. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर याचा अभ्यास झाला. ज्यांना ढेकर काढायला शिकवलं होतं त्यांच्या बाळांचं कोलिकचं रडणं कमी झालं नाही, उलट गुळण्या वाढल्या. म्हणजे ढेकर काढणं वाईट असं नव्हे, पण झोपलेल्या बाळाला उठवून, जोरजोरात थापटून ढेकर वसूल करण्याची गरज नाही. बाटलीने पिणाऱ्या बाळांना मात्र मध्येच थांबवून उभं धरणं सोयीचं पडतं (प्रश्न १३).

६. शी करताना बाळ पंधरा मिनिटं कुंथतं, रडतं, लालबुंद होतं, आणि शी तर मऊच होते. बद्धकोष्ठ आहे का?

नाही. बद्धकोष्ठ शी कडक आणि खड्यांसारखी असण्यावरून ठरतं, कुंथण्यावरून नाही. पोटाने दाब द्यायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ तान्ह्या बाळाला अजून जमलेला नसतो. तो शिकायला काही आठवडे जातात. एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची सळी आत घालून शी करवणं थांबवा. त्याने जखम होऊ शकते, साबणाने आतून आग होते, आणि बाळ ते कौशल्य शिकतच नाही, त्याला बाहेरच्या टोचणीची सवय लागते.

७. सहा दिवस शी झालेली नाही. वाट पाहू की दवाखान्यात जाऊ?

वयावर अवलंबून आहे. बाळ महिन्याच्या पुढचं, फक्त अंगावर पिणारं, हसतं-खेळतं, पोट मऊ आणि शू नेहमीसारखी असेल, तर आठवडाभर किंवा थोडं जास्त शी न होणंही नेहमीचंच आहे. आईच्या दुधात टाकाऊ फारसं उरत नाही. मात्र पहिल्या महिन्यात असं झालं तर दूध कमी पडतंय का हे तपासायला हवं, म्हणून वजन करून घ्या. जन्मानंतरची पहिली काळी शी २४ तासांत, फार तर ४८ तासांत झाली नव्हती आणि आता पोटही फुगतंय, असं असेल तर वयाचा विचार न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मोठ्या आतड्यातल्या मज्जातंतूंचा जन्मजात दोष यातूनच कळतो.

८. मी काय खाणं बंद करू? सासूबाई म्हणतात वांगं, बटाटा, हरभरा डाळ, कोबी, सगळं वातूळ.

कोबी किंवा डाळ खाऊन तुमच्या पोटात जो वायू होतो तो तुमच्या आतड्यात होतो. तो रक्तात जाऊन दुधात उतरत नाही. दूध रक्तापासून बनतं, पोटातल्या अन्नापासून नाही. त्यामुळे सरसकट पथ्याला आधार नाही, आणि वरणभात-तूप-मेथी एवढ्यावर तीन महिने काढणारी आई अशक्त होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, जेवणानंतर बाळंतशेपा हे सगळं आवडीने खा, पण त्यासोबत डाळी, उसळी, अंडी, मासे, फळं हेही खा. चहा-कॉफी दिवसाला दोन कपांपेक्षा जास्त घेऊ नका, कॅफिन दुधात उतरतं आणि बाळाची झोप मोडू शकते. दुधाच्या पदार्थांबाबत एक खरा अपवाद आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

सासूबाईंशी वाद घालण्याची गरज नाही. एका वेळी एकच पदार्थ चार दिवस खाऊन बघते असं त्यांना सांगा, बाळ तसंच राहिलं की त्यांचीही खात्री पटते.

९. बाळगुटी द्यावी का? आमच्या घरात चार पिढ्या दिली आहे.

या प्रश्नावर मला सर्वांत जास्त राग सहन करावा लागतो. सहाणेवर हळकुंड, वेखंड, जायफळ, मायफळ, हिरडा, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, खारीक, बदाम यांचे एकेक-दोनदोन वळसे उगाळायचे, हा सोहळा मीही लहानपणी पाहिला आहे आणि त्यामागची माया मला कळते. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे, निदान पहिले सहा महिने.

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही, पाणीसुद्धा देऊ नका असं सांगते, आणि कारणं साधी आहेत. सहाण, मुळ्या आणि पाणी निर्जंतुक नसतं, त्यातून जुलाब होतात. वळशांचं माप हाताच्या जोरावर ठरतं. जायफळाने गुंगी येते. ‘गुटी दिली की बाळ छान झोपतं’ याचं उत्तर कधीकधी तिथे असतं, आणि गुंगलेलं बाळ दूध कमी पितं. वेखंड पोटात गेल्याने तान्ह्या बाळांना उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत. आणि गुटी मधात चाटवत असाल तर ते आजच थांबवा. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, कारण त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. त्यात बाळ लुळं पडतं.

‘आम्हाला काही झालं नाही’ हे खरं आहे. ज्यांना झालं त्यांचं कुणी घरात बोलत नाही.

१०. बेंबीवर हिंगाचं पाणी लावलं तर चालेल?

नाळ पडून बेंबी पूर्ण सुकलेली असेल, तर बाहेरून लावलेल्या हिंगाने सहसा अपाय होत नाही. आराम पडतो तो बहुधा कोमट हाताने पोट चोळल्याचा असतो, मग हिंगाशिवायच चोळा. नाळ पडलेली नसेल तर तिथे हिंग, तेल, हळद, राख काहीच नको, कोरडी ठेवा. हिंग पोटात देणं मात्र धोक्याचं आहे. त्याने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडून बाळ निळं पडल्याच्या नोंदी आहेत. कापूर घातलेलं तेलही लावू नका, कापराने आकडी येऊ शकते.

११. ग्राइप वॉटर तर दुकानात सर्रास मिळतं, मग ते तरी सुरक्षित असेल ना?

१८५१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवलं. मूळ कृतीत शेपाचं तेल, सोडियम बायकार्बोनेट, साखर आणि अल्कोहोल होतं. बाळं शांत व्हायची त्यात नवल नव्हतं. आता अल्कोहोल काढलेलं असतं, पण त्याने कोलिक कमी होतो असा भक्कम पुरावा नाही. गोड चवीने बाळ क्षणभर गप्प होतं, तेवढंच. सहा महिन्यांच्या आत देऊ नका.

१२. डॉक्टरांनी सिमेथिकोनचे थेंब लिहून दिलेत. आणि प्रोबायोटिकचं काय?

सिमेथिकोन हवेचे लहान बुडबुडे एकत्र आणतं. ते रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे सांगितलेल्या मापात दिल्यास सहसा अपाय नाही. मात्र चाचण्यांमध्ये खोट्या औषधापेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसलेला नाही. तीन-चार दिवसांत फरक वाटला नाही तर डॉक्टरांना विचारून बंद करा. प्रोबायोटिकपैकी लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीच्या एका वाणाने फक्त अंगावर पिणाऱ्या कोलिकच्या बाळांचं रडणं काहीसं घटल्याचं दिसलं आहे. वरच्या दुधावरच्या बाळांत तसं दिसलेलं नाही. अकाली जन्मलेल्या बाळाला ते स्वतःहून कधीच देऊ नका. डायसायक्लोमाइन असलेलं पोटदुखीचं औषध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला चालत नाही, श्वासाला धोका असतो. घरात मोठ्या भावंडाची बाटली असेल तर ती वापरू नका.

१३. काही कारणाने बाटलीने दूध द्यावं लागतंय. गॅस कमी कसा होईल?

बाळाला अर्धवट बसवून पाजा, बाटली अशी तिरपी धरा की बूच, म्हणजे निपल, दुधाने भरलेलं राहील. बुचाचं भोक फार मोठं असेल तर बाळ गटागट गिळतं, फार लहान असेल तर हवा ओढतं. पावडरचं दूध हलवल्यावर फेस बसू द्या. चमच्याचं माप डब्यावर लिहिलंय तेच, ‘पोटाला जड पडतं’ म्हणून पातळ करू नका. शक्य असेल तर वाटी-चमचा किंवा बोंडल्याने पाजणं अधिक स्वच्छ. गायी-म्हशीचं दूध, पाणी घालूनसुद्धा, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून देऊ नये.

१४. शी हिरवी, फेसाळ आणि आंबूस होते. गॅसही खूप. दूध बाधतंय का?

बाळ आनंदी असेल आणि वजन वाढत असेल तर हिरव्या रंगाची चिंता नको. दूध भरपूर येणाऱ्या आयांमध्ये बाळ दोन्ही बाजूंचं सुरुवातीचं, साखर जास्त असलेलं दूध भराभर पितं, आणि ती साखर आतड्यात आंबून फेस व गॅस होतो. एक बाजू बाळाने स्वतः सोडेपर्यंत पाजा, मगच दुसरी द्या. पकड नीट आहे का तेही कुणाकडून तरी बघून घ्या: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. पिताना टक-टक आवाज येत असेल तर हवा आत जातेय.

१५. शीमध्ये रक्ताची रेघ आणि चिकट शेंबूड दिसतो. हे गॅसमुळेच का?

गॅसमुळे रक्त येत नाही. डॉक्टरांना दाखवा. गुदद्वाराशी छोटी चीर असू शकते, संसर्ग असू शकतो, किंवा गायीच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी. ॲलर्जी असेल तर आईने दूध, दही, पनीर, खवा हे सगळं दोन ते चार आठवडे बंद करून बघायचं असतं, मग पुन्हा सुरू करून लक्षणं परत येतात का तेही पाहायचं असतं. हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि त्या काळात नाचणी, तीळ आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवून. स्तनपान बंद करायचं नाही.

१६. कुठल्या लक्षणांवर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा?

हिरवी उलटी. पित्ताच्या रंगाची उलटी म्हणजे आतडं कुठेतरी अडलं किंवा पिळलं असू शकतं, आणि त्यात तास मोजावे लागतात. दोन ते आठ आठवड्यांच्या वयात प्रत्येक पाजण्यानंतर दूध कारंज्यासारखं लांब उडत असेल तर जठराचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा उलट अंग गार पडणं. पिणं बंद, सुस्ती, कण्हणं, श्वास वेगाने चालणं. पोट ढोलासारखं ताणलेलं आणि हात लावला की रडणं. जांघेत किंवा अंडकोशात कडक गाठ. थांबून थांबून कळ येऊन पांढरं पडणं आणि जांभळट लाल चिकट शी.

आणखी एक, जे घरात कुणालाच सुचत नाही: अचानक सुरू झालेलं, कशानेच न थांबणारं रडणं असेल तर बाळाचे मोजे काढून पायाची बोटं बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, त्यातला एखादा बोटाला फास बसवतो.

शी पांढरट, चुन्यासारखी असेल तर रात्रीच धावायला नको, पण त्याच आठवड्यात दाखवाच. पित्तनलिकेच्या दोषाची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झालेली चांगली.

रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. शंका त्यांना विचारा, वजन त्यांच्याकडून करून घ्या.

१७. मालिश, शेक आणि धुरी चालू ठेवू?

मालिश हो, हलक्या हाताने, पाजल्यावर निदान तासाभराने. मालिशवाल्या मावशींना आधीच सांगा: नाका-कानात तेल घालायचं नाही, बाळाला पायाला धरून उलटं लटकवायचं नाही, बेंबी दाबायची नाही. बेंबी फुगलेली असेल तर तिच्यावर नाणं बांधायचं नाही, ती बहुतेकदा आपोआप आत जाते. धुरी नको. ओवा-वावडिंगाचा असला तरी धूर तो धूरच, आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. पोटाला ऊब द्यायची तर तुमचा तळहात पुरे.

१८. आमच्या भागात बाळाचं पोट फुगलं की पोटावर चटके देतात. त्याने खरंच उतरतं का?

नाही. मेळघाटात याला डंबा म्हणतात, विळा तापवून पोटावर डाग दिले जातात. दवाखाना लांब आणि भूमका, म्हणजे गावातला मांत्रिक-वैदू, जवळ, अशा ठिकाणी घाबरलेले आईबाप हे करतात. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. पण भाजलेल्या जागेतून जंतुसंसर्ग होतो, आणि पोट फुगण्याचं खरं कारण, न्यूमोनिया, रक्तातला संसर्ग किंवा आतड्याचा अडथळा, तसंच आत राहतं. फुगलेलं पोट हे प्रश्न १६ मधलं लक्षण आहे. १०८ लावा.

१९. बाळ रडत असतं आणि माझाच तोल सुटतो. काल मी त्याला जोरात हलवणार होते.

लिहिलंत हे फार बरं केलंत. अशा क्षणी बाळाला सपाट अंथरुणावर उताणं ठेवा, बाजूला उशी-पांघरूण नको, आणि दार ओढून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडणाऱ्या बाळाला दहा मिनिटांत काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो. घरातल्या कुणाला तरी रोजची एक वेळ ठरवून द्या, ती त्यांची पाळी. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा भलते विचार येत असतील, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे.

२०. पालथं झोपवलं की बाळ शांत झोपतं. गॅससाठी तसं ठेवू का?

जागं असताना, तुम्ही समोर असताना पालथं घाला, दिवसातून अनेकदा. झोपेत नेहमी उताणं. पालथं झोपलेल्या बाळांमध्ये झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका जास्त असतो, आणि गॅससाठी याला सूट नाही.

२१. आमचं बाळ ३३व्या आठवड्यात जन्मलं. चार महिने झाले तरी रडणं थांबलेलं नाही.

अकाली जन्मलेल्या बाळाचं वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोजा. तुमचं बाळ सात आठवडे आधी आलं, म्हणजे कोलिकच्या हिशोबाने ते आत्ता अडीच महिन्यांच्या आसपास आहे. अजून काही आठवडे लागतील. या बाळांच्या बाबतीत मी एक गोष्ट वेगळी सांगते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांसाठी: पोट फुगलं आणि सोबत दूध पचेनासं झालं, हिरवी उलटी किंवा शीतून रक्त दिसलं, तर चोळणं, थेंब, थांबून बघणं यातलं काहीही करू नका. आतड्याला सूज येऊन ते निकामी होण्याचा धोका त्यांना जास्त असतो. ज्या नवजात कक्षातून घरी आणलं तिथेच, डिस्चार्ज कार्ड सोबत घेऊन, लगेच न्या.